दर्यावरचा व्हिडिओ: काढताना, पाठवताना, चढवताना कुठली सेटिंग ठेवायची?



गेल्या हंगामातली गोष्ट. आपल्या एका तांडेलानं रात्री दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटीचा व्हिडिओ काढला. एका ग्रुपवर टाकला, तिथून तो दहा ग्रुपवर फिरला. चार दिवसांनी तक्रार द्यायला गेलो, तर पडद्यावर नुसता पांढरा झोत आणि बोटीच्या नंबराच्या जागी पुसट डाग. 'मूळ फाइल आणा' म्हणाले. ती फाइल फोनमध्ये जागा नाही म्हणून कधीच पुसलेली! सगळी मेहनत पाण्यात.

एलईडी दिव्यांची मासेमारी आणि बुल ट्रॉलिंग यांवर केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात बंदी घातली. पण दर्यात प्रत्यक्ष काय चाललंय ते दाखवायला आपल्या हातात बहुतेक वेळा फोनच असतो. तेव्हा त्याची सेटिंग एकदा बंदरावर असतानाच नीट करून ठेवा. लाटेवर हलत असताना बटणं शोधायला वेळ मिळत नाही.

१. काढताना

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये १०८०पी आणि ३० फ्रेम ठेवा. रोजच्या कामाला हे पुरेसं आहे. ६० फ्रेम ठेवलं की प्रत्येक चित्राला उजेड कमी मिळतो, त्यामुळे रात्री चित्र आणखी काळं येतं.

४के कधी वापरायचं? दिवसा, लांबच्या बोटीचा नंबर टिपायचा असेल तेव्हा, तेही वीस-तीस सेकंद. त्यातून नंतर नंबराचा स्थिर फोटो काढता येतो. रात्री मात्र ४के मध्ये नुसते दाणे वाढतात, आणि फाइल १०८०पी च्या दुप्पट-तिप्पट होते.

बोटांनी ताणून झूम करू नका. फोनला वेगळी झूमची लेन्स नसेल, तर झूम म्हणजे त्याच चित्राचा मधला तुकडा मोठा करून दाखवणं. तपशील वाढत नाही, हात मात्र जास्त हललेला दिसतो.

एलईडीचा झोत समोर असेल तर पडद्यावर त्या उजेडाच्या जागी बोट दाबून धरा. बहुतेक फोनवर फोकस आणि उजेड तिथेच पक्का होतो. मग उजेडाची खूण खाली ओढा. झोत कमी झाला की बोटीचा आकार दिसायला लागतो.

फोन आडवा धरा. लेन्सवर खारं पाणी सुकून पांढरा थर बसतो, तो गोड्या पाण्यात ओला केलेल्या मऊ फडक्यानं पुसा. बोलताना वाऱ्याकडे पाठ करा, नाहीतर आवाजात नुसती घरघर येते.

सगळ्यात महत्त्वाचं: न थांबवता एकाच व्हिडिओत आधी आपल्या बोटीच्या जीपीएसचा पडदा दाखवा, तारीख-वेळ तोंडानं सांगा, मग कॅमेरा समोरच्या बोटीकडे न्या. मध्ये तोडलं की 'हे दुसरीकडचं आहे' म्हणायला जागा मिळते. आणि नंबर दिसावा म्हणून अंधारात दुसऱ्या बोटीच्या जवळ जाऊ नका. व्हिडिओपेक्षा जीव मोठा.

२. पाठवताना

व्हॉट्सॲपवर गॅलरीतून व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो. फाइलमधली जागेची आणि वेळेची नोंदही त्यात टिकत नाही. सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' खाली 'मीडिया अपलोड क्वालिटी' आहे, तिथे एचडी निवडलं तर थोडं बरं दिसतं, पण ती मूळ फाइल नव्हे.

मूळ फाइल पाठवायची असेल तर पिनेच्या खुणेवर जाऊन 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून व्हिडिओची फाइल घ्या. अशी २ जीबीपर्यंतची फाइल न दाबता, आहे तशी जाते. साध्या फोनवर १०८०पी चं एक मिनिट साधारण १०० ते १३० एमबी भरतं, म्हणजे आपलं काम आरामात होतं. वेळ लागेल, म्हणून जेटीवर परतल्यावर वायफायवर पाठवा.

३. यूट्यूब-फेसबुकवर चढवताना

यूट्यूब प्रत्येक व्हिडिओ आपल्या पद्धतीनं पुन्हा दाबतं. आपण आधीच दाबलेला दिला तर तो दोनदा दाबला जातो. म्हणून व्हॉट्सॲपवरून परत आलेला व्हिडिओ कधीच चढवू नका, फोनमधला मूळ घ्या.

एडिट केलं असेल तर एमपी४ फाइल, एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी आवाज ठेवा. ३० फ्रेमला यूट्यूब स्वतः १०८०पी साठी सेकंदाला ८ मेगाबिट आणि ७२०पी साठी ५ मेगाबिट सुचवतं. ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १ एमबी, मिनिटाला ६० एमबी. जितक्या फ्रेमनं काढला तितक्याच ठेवा. नवे फोन जागा वाचवायला एच.२६५ वापरतात. ती फाइल जुन्या संगणकावर कधी कधी चालत नाही, म्हणून दाखवायला न्यायची असेल तर आधी तपासा.

यूट्यूब ॲपच्या सेटिंगमध्ये अपलोडची क्वालिटी 'फुल' करा. चढवल्यावर लगेच धुरकट दिसलं तर घाबरून पुसू नका. आधी लहान आकार तयार होतो, एचडी थोड्या वेळानं येतं. फोन नंबरानं खातं पडताळलेलं नसेल तर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ जात नाही.

तक्रारीचा व्हिडिओ आधी 'अनलिस्टेड' ठेवा. मग लिंक ज्याच्याकडे आहे त्यालाच तो दिसतो. चौकशीआधीच नंबरासकट सगळीकडे फिरवला आणि बोट दुसरीच निघाली, तर एका निर्दोष घराची बदनामी होते. तेही आपल्यातलंच घर.

मासळी विक्रीचा किंवा जाळं विणतानाचा लहान व्हिडिओ असेल तर उलट करा: फोन उभा, नऊ बाय सोळा. शॉर्ट्समध्ये आता ३ मिनिटांपर्यंत चालतं.

४. मूळ फाइल जपा

तक्रार निकालात निघेपर्यंत मूळ फाइल पुसायची नाही, कापायची नाही, तिच्यावर नाव किंवा गाणं चढवायचं नाही. जे काही करायचं ते नकलेवर. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक घरच्या संगणकावर. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. व्हिडिओ कोणत्या फोनवर, कधी काढला हे तेव्हा सांगावं लागतं, म्हणून त्याच रात्री वहीत लिहून ठेवा.

१ जून ते ३१ जुलै बंदीच्या दिवसांत बोटी वर असतात. घरातल्या कॉलेजवाल्या मुला-मुलींना बसवून तेव्हाच ही सेटिंग करून घ्या. अडलं तर फोनचं मॉडेल खाली कमेंटमध्ये लिहा, जमेल तसं सांगू. आणि ही पोस्ट आपल्या तांडेलाला नक्की दाखवा.