पटावर नसलेला सूर

सिंधुदुर्गात गाणे शिकायचे ते शाळा सुटल्यावर, असा इथला रिवाज आहे. भाद्रपदात घरोघर गणपतीपुढे भजने होतात. वाडीतली मंडळी एका घरातून दुसऱ्या घरात जातात आणि झांज धरण्याइतपत हात बसला की पोर त्यांच्या मागोमाग फिरू लागते. कार्तिकात जत्रांना सुरुवात झाली की दशावतार. हरदासाची पेटी, पखवाज आणि झांज एवढ्या सामग्रीवर रात्रभराचे आख्यान पुढे नेले जाते. लिहिलेली संहिता नसते. राजा रागावला की विव्हळला हे पाहून हरदासाने पद उचलायचे आणि पखवाजाने त्याला धरून ठेवायचे. डबलबारीत तर दोन बुवा समोरासमोर बसतात. रूपावली, अभंग, गवळण, गजर असा क्रम सांभाळत एकमेकांना सवालांत पकडतात. चिंतामणी पांचाळ, परशुराम पांचाळ, काशीराम परब ही बुवांची नावे मालवणी मुलखात नटांइतकी ओळखीची आहेत. एवढा सूर ज्या जिल्ह्यात पिकतो, तिथल्या शाळेत मात्र तो परिपाठाच्या प्रार्थनेपुरता आणि स्नेहसंमेलनाच्या महिन्यापुरता असतो. याचा दोष बहुधा पालकांच्या अनास्थेवर टाकला जातो. माझ्या मते ते निदान चुकीचे आहे. शाळेत शिक्षक कोणत्या हिशेबाने नेमायचा, या एका प्रशासकीय प्रश्नात याचे उत्तर आहे.

चित्रकलेकडे पाहिले की हे लगेच कळते. महाराष्ट्रातल्या हायस्कुलात चित्रकलेचा शिक्षक ही जुनी, रुळलेली जागा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा सरकारचे कला संचालनालय घेते, आणि खेड्यातल्या मुलाच्याही दप्तरात त्यासाठी रंगपेटी येते. संगीताच्या वाट्याला असे काही आले नाही. प्रारंभिक ते अलंकार ही ओळखीची परीक्षांची शिडी १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची आहे. तिची तयारी मुख्यतः खासगी क्लासात, फी भरून होते. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली खरी, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि शाळेत शंभराहून अधिक मुले असतील तरच. शिवाय ‘कला’ म्हटले की शाळा आधी चित्रकलाच धरते. आता हा शंभराचा आकडा सिंधुदुर्गाला लावून पाहा. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती; २०११ मध्ये ती ८,४९,६५१ भरली. दहा वर्षांत १९,१७४ माणसे कमी झाली, आणि उरलेल्यांतही मुंबईला जाणारा तरुणच अधिक. कित्येक शाळांचा पट विशीच्याही आत आला आहे. अशा ठिकाणी शंभराची अट म्हणजे नकाराचेच सभ्य रूप.

तेरेखोलची खाडी ओलांडली की वेगळा हिशेब दिसतो, आणि तो काही शतकांचा आहे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडून पॅरिश शाळा चालत. तिथे मुलांना अक्षरांबरोबर स्वरलेखन वाचायला शिकवत, गळ्यावरून सोल्फेज, म्हणजे स्वरनामे घेत गाणे, करून घेत आणि पुढे हातात व्हायोलिन देत. शिकवणारा ‘मेस्त’ हा चर्चच्या गायकवृंदाचाही प्रमुख असे. मुद्दा असा की तो पॅरिशमागे एक असे. वर्गात किती मुले, यावर त्याची नेमणूक अवलंबून नव्हती. चर्चला रविवारी गाणे लागायचेच, म्हणून शिकवणारा लागायचाच. हेतू धार्मिक होता, शिस्त कडक होती, आणि गोमंतकातला मोठा हिंदू समाज या व्यवस्थेबाहेर होता, हे विसरून चालणार नाही. परिणाम मात्र साऱ्या देशाने ऐकला. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीला वाद्यवृंद उभे करायचे होते तेव्हा कागदावरचे स्वर पाहून तत्काळ वाजवणारे हात तिला याच गावांनी पुरवले. हळदोण्याचे अंतोनिओ वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवत सी. रामचंद्रांच्या संगीतात वावरले. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्या चालींना वाद्यमेळाचा डौल दिला. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसचे वडील चर्चचे गायकवृंदप्रमुख होते. त्या घरातून आलेल्या या मुलाने पुढे प्यारेलालना व्हायोलिन शिकवले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त शिष्याने गुरूचे नाव गाण्यात गुंफून ठेवले. यांतल्या कुणाला ‘दैवी देणगी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण एकाच किनारपट्टीतल्या इतक्या गावांतून इतके वाचक-वादक निघतात तेव्हा देणगीपेक्षा नेमणुकीचा विचार करावा लागतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: सिंधुदुर्गात गाव हीच शाळा आहे, मग सरकारी मास्तर हवा कशाला? आक्षेप वजनदार आहे. पखवाजाची थाप बुवाच्या शेजारी बसून जशी उतरते तशी तासाची घंटा ऐकत उतरत नाही. तरीही ही गावशाळा सर्वांना प्रवेश देत नाही. दशावतारात स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषच करत आले. भजनाच्या मेळ्यात पेटी-पखवाजापाशी मुलगी बसली तर आजही माना वळतात. महिला भजन मंडळे वाढत आहेत, बायकांनी दशावतारही उभा केला आहे, पण हे प्रौढ स्त्रियांनी हट्टाने मिळवलेले आहे, दहा वर्षांच्या मुलीला सहज मिळालेले नाही. देवळातल्या वाद्यसेवेचे मान कुणाकडे, हेही गावात ठरलेले असते. मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर या गायिका ज्या कलावंत समाजातून आल्या, त्या समाजातल्या बायकांना गाणे मिळाले ते जन्माने, आणि त्याची सामाजिक किंमतही जन्मभर मोजावी लागली. जात, लिंग आणि घराणे न विचारता ज्या एकाच खोलीत सगळी मुले बसतात ती शाळेची खोली आहे. तिथे पेटी नसेल तर ती दुसरीकडे सर्वांसाठी असण्याची शक्यता कमीच.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: शाळेत आणि कागदावर गेले की लोकसंगीत सपाट होते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हाही अशीच कुरकूर झाली. वर्गात बसवून, स्वरलिपी देऊन गवई होत नाही असे म्हटले गेले. ते खरेच होते. पण पलुस्करांच्या व्यवस्थेने तयार केला तो जाणता श्रोता आणि गावोगावचा संगीतशिक्षक, आणि त्यांच्याशिवाय मैफल टिकली नसती. लोकसंगीताचे म्हणाल तर हंगेरीचे उदाहरण जवळचे आहे. झोल्तान कोदाय याने बेला बार्तोकबरोबर खेडोपाडी फिरून लोकगीते जमवली आणि मुलांनी गायला शिकावे ते याच गाण्यांवर, असा आग्रह धरला. त्याच्या जन्मगावी, केचकेमेटला, १९५० मध्ये गायनाला रोजचा तास देणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. तिथे लोकगीत हेच पाठ्यपुस्तक झाले. आपल्याकडे गवळण आणि गजर तसे वापरता येतील, फुगडीची गाणीही. शिकवणारा वाडीतलाच एखादा पेटीवाला असला, मात्र त्याला महिन्याचे मानधन आणि वर्गावर वागण्याचे थोडे प्रशिक्षण मिळाले, तर सपाटीची भीती बरीच कमी होते. सगळी जाणार नाही, हे मान्य.

गुणांचा प्रश्न राहिला. शास्त्रीय कला आणि लोककला यांसाठी दहावीला वाढीव गुण देण्याची सोय २०१७ पासून महाराष्ट्रात आहे. हेतू चांगला, पण ती शिकलेल्याला बक्षीस देते. शिकण्याची सोय करत नाही. ज्याच्या घरी पेटी, त्याच्या गुणपत्रिकेत भर. त्याऐवजी खर्च शिक्षकावर करावा, आणि तो शाळेच्या पटावर न मोजता केंद्रावर मोजावा. साधारण दहा शाळांमागे एक केंद्र ही रचना राज्यात आधीपासून आहे. केंद्राला एक संगीतशिक्षक दिला तर तो आठवड्यात एकदा प्रत्येक लहान शाळेत पोचू शकतो, आणि केंद्रातल्या हायस्कुलात दोनदा. पॅरिशमागे एक मेस्त, हाच तो हिशेब. फक्त चर्चच्या जागी जिल्हा परिषद. पैसे नाहीत असे कुणी म्हणेल. डबलबारीच्या सुपारीसाठी वर्गणी काढणारी मुंबईकर ग्रामस्थ मंडळे सुरुवातीची दोन वर्षे मानधनाला हात देऊ शकतील, मात्र जागा सरकारी असली पाहिजे. वर्गणीवर चालणारा वर्ग वर्गणी आटली की बंद पडतो. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम २००९ च्या त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. येत्या वर्षाच्या आराखड्यात केंद्राला संगीतशिक्षक मागणारी ओळ मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या पालकांनी घालावी.