बाल्टिमोरच्या बाईंनी जपलेली जेन ऑस्टेन

जेन ऑस्टेनने आयुष्यभरात हजारो पत्रं लिहिली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज हाती आहेत ती सुमारे १६०. थोरली बहीण कॅसँड्रा १८४५ मध्ये वारली. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी तिने बहुतेक पत्रं जाळून टाकली आणि ठेवलेल्यांपैकी काहींतल्या नको त्या ओळी कापून काढल्या. कॅसँड्राला दोष देणं मला पटत नाही. बहिणीबहिणींमधलं खासगी बोलणं होतं ते. जगाचा त्यावर हक्क आहे, असं तिला का वाटावं?

त्या काळी पाकिटं सहसा वापरत नसत. पत्राचाच ताव घडी घालून चिकटवायचा आणि बाहेरच्या बाजूला पत्ता लिहायचा. टपालखर्च पत्र घेणाऱ्याच्या माथी, तोही अंतरावर आणि तावांच्या संख्येवर. म्हणून जागा संपली की कागद आडवा धरून लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा ओळी लिहीत. असं पत्र वाचताना आजही डोळ्यांची परीक्षा होते.

१८८४ मध्ये लॉर्ड ब्रेबर्न या नातलगाने आपल्याकडची पत्रं छापली आणि पुढे त्यांतली बरीच विकली गेली. जेनचं अक्षर असं देशोदेशी पांगलं. ते मायेने गोळा करणाऱ्यांत अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या अल्बर्टा बर्क यांना मी फार वरचं स्थान देईन. त्या आणि त्यांचे पती हेन्री जेनची पत्रं आणि पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या विकत घेत. त्याशिवाय जेनचं नाव जिथे दिसेल तिथलं कात्रण कापून अल्बर्टाबाई वहीत चिकटवत. साध्या वर्तमानपत्रातलं चार ओळींचं कात्रणही त्यांनी टाकाऊ मानलं नाही.

१९४८ मध्ये त्यांनी लिलावात जेनच्या केसांची एक बट घेतली. पुढच्याच वर्षी हे दांपत्य इंग्लंडमधल्या चॉटन गावी जेन ऑस्टेन सोसायटीच्या सभेला गेलं. एडवर्ड कार्पेंटर या वकिलाने युद्धात गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ तिथलं जेनचं घर विकत घेतलं होतं आणि तिथे वस्तुसंग्रहालय उभं राहत होतं. ती बट अमेरिकेत गेल्याची खंत कार्पेंटर यांनी सभेत बोलून दाखवली. अल्बर्टाबाई तिथल्या तिथे उठल्या आणि बट मी सोसायटीला देते, म्हणाल्या. ती आज चॉटनलाच आहे.

संग्राहकाची पारख मला इथे दिसते. कुठली वस्तू कुठे असायला हवी, हे त्यांना नेमकं कळत होतं. १९७५ मध्ये त्या गेल्या, तेव्हा पत्रं न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीला मिळाली; जेनच्या पत्रांचा सर्वांत मोठा साठा आज तिथेच आहे. पुस्तकं आणि कात्रणवह्या त्या जिथे शिकल्या त्या गाउचर कॉलेजकडे गेल्या.

मॉर्गनमधल्या त्या पत्रांत एक भाचीसाठी लिहिलेलं आहे, जानेवारी १८१७ चं. नववर्षाच्या शुभेच्छा देणाऱ्या या पत्रातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं जेनने उलट क्रमाने लिहिली आहेत, अगदी सहीतल्या स्वतःच्या नावाचीसुद्धा. भाची जेमतेम आठ वर्षांची. आत्याने तिच्यासाठी कोडंच घातलं होतं. त्याच जुलैत जेन गेली. कादंबऱ्यांतला तिचा मिश्कीलपणा घरातल्या लहानग्यांपर्यंत कसा पोचत होता, ते या एका कागदावर वाचता येतं. आणि गाउचरमधल्या वह्या उघडल्या की विसाव्या शतकातल्या वाचकांनी जेनला कसं डोक्यावर घेतलं, त्याचा माग लागतो.