हाली रुपयाचे पहिले साल
निजामी नाण्यांचा संग्रह आणि ‘पहिल्या नाण्या’ची कसोटी

नांदेड आणि लातूर हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. येथील बाजारात निजामाचा ‘हाली’ रुपया चाले, तर ब्रिटिश रुपयाला ‘कलदार’ म्हणत. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, कलदाराचे ११.६६ ग्रॅम, हालीत चांदीही कमी. त्यामुळे साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब होता. संस्थान विलीन झाल्यावरही हाली चलन काही वर्षे टिकून होते. जुन्या पेट्यांत, देवघरांत आणि लमाण तांड्यांवरच्या रुपयांच्या माळांत ही नाणी जपली गेली.

संग्राहकाच्या दृष्टीने या नाण्यांत सर्वाधिक मान ‘पहिल्या’ नाण्याला असतो. मात्र पहिले म्हणजे नेमके कोणते, हे ठरवावे लागते. १८५७ च्या उठावापर्यंत हैदराबादची नाणी मोगल बादशहाच्या नावाने पडत. त्यानंतर त्यांवर निजामाचा किताब आला. पुढे १९०३ च्या सुमारास, निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात, यंत्रावर पाडलेला चारमिनारचा रुपया आला. म्हणजे निजामाच्या किताबाचे पहिले नाणे वेगळे, चारमिनार छापाचे पहिले वेगळे आणि प्रत्येक निजामाच्या राजवटीतले पहिले आणखी वेगळे.

राजवटीतले पहिले नाणे ओळखण्यासाठी नाण्यावरच पुरावा असतो. चारमिनारभोवती ‘निजाम-उल-मुल्क आसफजाह बहादूर’ हा किताब आणि हिजरी साल असते. मागील बाजूस किंमत, ‘फरखुंदा बुनियाद हैदराबाद’ हे टांकसाळीचे नाव आणि जुलूस, म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष असते. पहिल्या जुलूस वर्षाला मोगल नाण्यांवर आकड्याऐवजी ‘अहद’ लिहीत. हैदराबादच्या अनेक नाण्यांवरील ९२ हा आकडा मात्र साल नव्हे. अक्षरांना अंक देण्याच्या अबजद पद्धतीत तो पैगंबर मुहम्मद यांच्या नावाचा आकडा आहे.

मीर उस्मान अली खान ऑगस्ट १९११ मध्ये, हिजरी १३२९ च्या रमजानात, गादीवर आले. ते हिजरी साल संपायला तेव्हा चार महिनेही उरले नव्हते. त्यांचे पहिले जुलूस वर्ष मात्र १३३० च्या रमजानापर्यंत चालले. म्हणून १३३० साल पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही जुलूस वर्षांत येते, तर १३२९ साल दोन निजामांत विभागलेले आहे. नुसते हिजरी साल वाचून निर्णय होत नाही. चारमिनारच्या कमानीत महबूब अलींसाठी ‘मीम’ आणि उस्मान अलींसाठी ‘ऐन’ हे आद्याक्षर असते. उस्मान अलींच्या सुरुवातीच्या नाण्यांवर हा ऐन अर्धा आहे, नंतर तो पूर्ण झाला. अर्धा ऐन आणि जुलूस १ एकत्र दिसले की ते नाणे राजवटीच्या आरंभीचे ठरते.

अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांचे संग्राहक हाच प्रश्न ‘रुकी कार्ड’च्या, म्हणजे खेळाडूच्या पहिल्या कार्डाच्या, रूपाने सोडवतात. मिकी मँटल याचे रुकी कार्ड बोमन कंपनीचे १९५१ चे मानले जाते; पण २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले ते टॉप्स कंपनीचे १९५२ चे. पहिलेपण कालक्रमाने ठरते. किंमत मागणी, दुर्मीळता आणि स्थिती यांवर ठरते. हाली रुपयालाही हाच नियम लागू आहे.

स्थितीचे महत्त्व मराठवाड्यात विशेष आहे, कारण माळेसाठी कडी डाखलेली किंवा भोक पाडलेली नाणी येथे पुष्कळ मिळतात. संग्राहकांच्या बाजारात त्यांना कमी भाव येतो, लोकजीवनाचा पुरावा म्हणून मात्र ती मोलाची आहेत. चिंच, राख किंवा पॉलिशने घासल्यास मूळ पृष्ठभाग आणि बारीक अक्षरे झिजतात. अर्धा ऐन वाचता आला नाही, तर ओळखच हरवते.

कायद्याचे भानही हवे. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरील नाणी पुरावशेष ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत. १९११ चा रुपया आता या मर्यादेत आला आहे. अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. प्रत्येक नाण्याचे वजन, दोन्ही साले, कमानीतील अक्षर आणि ते कोणत्या गावातून आले, एवढी नोंद ठेवली तरी घरातला संग्रह प्रदेशाच्या इतिहासाचे साधन होतो.