पस्तीस डॉलरचा संगणक

व्यापारी कुटुंबात संगणक ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. पेढीवर तो असतोच. त्यावर बिले निघतात, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरली जातात, उधारी-वसुलीची खाती राहतात. नेमक्या याच कारणाने घरातील शाळकरी मुलाला त्याला हात लावण्याची मनाई असते. ही मनाई अवाजवी म्हणता येणार नाही. एखादी कळ चुकीची दाबली गेली तर वर्षाचा हिशेब अडचणीत येऊ शकतो. परिणाम मात्र असा होतो की, मुलाला संगणक वापरता येतो, पण तो आतून कसा चालतो हे उघडून पाहण्याची, बिघडवण्याची आणि पुन्हा नीट करण्याची संधी त्याला मिळत नाही.

हाच पेच इंग्लंडमधील केंब्रिज येथे काही अभ्यासकांपुढे उभा राहिला होता. त्यातून निघालेला मार्ग शालेय प्रकल्पासाठी उपयुक्त आहे आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही अभ्यासण्यासारखा आहे.

केंब्रिजमधील चिंता

ब्रिटनमध्ये १९८१ साली ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक आला. बीबीसी या प्रसारण संस्थेच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी तो केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तयार केला होता. शाळांच्या खरेदीतील निम्मा भार तेथील सरकारने उचलला. यंत्र सुरू करताच पडद्यावर प्रोग्रॅम लिहिण्याची जागा समोर येई. त्यामुळे एका संपूर्ण पिढीला संगणकाला आज्ञा देण्याची सवय लागली. पुढे घरोघरी आलेले संगणक अधिक शक्तिमान होते, परंतु ते महागडे होते आणि घरातील सर्वांच्या कामाचे होते. मुलांच्या प्रयोगांसाठी ते मोकळे राहिले नाहीत.

२००६ च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठातील एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की, संगणकशास्त्राच्या प्रवेशासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या घटत आहे आणि त्यांची पूर्वतयारीही उणी पडत आहे. बिघडला तरी कोणाचे मोठे नुकसान होणार नाही, असा संगणक मुलाच्या स्वतःच्या मालकीचा असावा, या विचारातून रास्पबेरी पाय फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. २००९ मध्ये तिची धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी झाली.

आधी किंमत, मग यंत्र

व्यापारात सामान्यतः वस्तू आधी तयार होते, तिचा खर्च निघतो, त्यावर नफा चढतो आणि मग किंमत ठरते. येथे क्रम उलटा होता. किंमत आधी ठरली आणि त्या किमतीत काय बसते, याचा शोध नंतर सुरू झाला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आलेल्या पहिल्या यंत्राची किंमत ३५ डॉलर होती. आकार साधारण बँकेच्या कार्डाएवढा, स्मरणक्षमता २५६ मेगाबाइट. त्यासोबत पडदा, कळफलक, माउस, पेटी, वीजपुरवठ्याचे साधन यांपैकी काहीही मिळत नसे. घरातील जुना दूरचित्रवाणी संच पडदा म्हणून जोडता येई. जे घरात आधीच पडून आहे ते ग्राहकाला पुन्हा विकायचे नाही, हे या स्वस्ताईचे पहिले रहस्य.

दुसरे रहस्य भांडवलाचे. संस्थेचा आरंभीचा अंदाज केवळ दहा हजार नगांचा होता. मोठा माल तयार करून ठेवण्याइतके पैसे तिच्याजवळ नव्हते. म्हणून रचना संस्थेची आणि उत्पादन व विक्री परवानाधारक कंपन्यांची, अशी व्यवस्था करण्यात आली. साठ्यात पैसा अडकण्याचा प्रश्नच उरला नाही. पहिल्या दिवशी ग्राहकांची एवढी झुंबड उडाली की विक्रेत्यांची संकेतस्थळे कोलमडली. २०१६ च्या सप्टेंबरपर्यंत एक कोटी नग विकले गेले होते.

तिसरी गोष्ट सातत्याची. यंत्राची शक्ती दर आवृत्तीगणिक वाढत गेली, परंतु मूळ ३५ डॉलरचा भाव अनेक वर्षे टिकवण्यात आला. २०२१ मध्ये जगभर सुट्या भागांची टंचाई झाली, तेव्हा एका प्रकाराची किंमत प्रथमच दहा डॉलरने वाढवावी लागली.

शाळेत प्रकल्प कसा करावा

आठवी ते दहावीच्या पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट या कामाला पुरेसा होतो. खरेदी, जोडणी, प्रणाली, हिशेब आणि नोंदी अशी कामे वाटून द्यावीत. ज्या शाळांत नीती आयोगाच्या योजनेतील अटल टिंकरिंग लॅब आहे, तेथे असे यंत्र प्रयोगशाळेतच उपलब्ध असण्याची शक्यता असते. आधी तेथे चौकशी करावी.

लागणाऱ्या वस्तू मोजक्या आहेत: मुख्य बोर्ड, वीजपुरवठ्याचा अडॅप्टर, मायक्रो एसडी कार्ड, पडद्याला जोडणारी एचडीएमआय केबल, कळफलक, माउस आणि लहानशी पेटी. डॉलरमधील किंमत थेट रुपयांत बदलून अंदाजपत्रक करू नये. आयातीचा खर्च, कर आणि विक्रेत्याचा नफा त्यात मिळवावा लागतो. तीन ठिकाणचे लेखी दर मागवावेत आणि खरेदी पक्क्या बिलानेच करावी, कारण हमीचा दावा त्यावरच उभा राहतो.

काटकसर कोठे करायची नाही, हेही मुलांना समजले पाहिजे. दोन वस्तूंत ती महागात पडते. पहिली अडॅप्टर. मोबाईलचा कोणताही चार्जर जोडला की काम भागेल असे वाटते, परंतु वीजदाब कमी पडला की पडद्यावर विजेचे चिन्ह उमटते आणि यंत्र मध्येच अडते. दुसरी कार्ड. बनावट कार्डावर छापलेली क्षमता प्रत्यक्षात नसते आणि साठवलेले काम नाहीसे होते. याउलट पडदा, कळफलक आणि माउस जुने असले तरी काहीच बिघडत नाही.

कार्यप्रणाली विनामूल्य आहे. दुसऱ्या संगणकाच्या साहाय्याने ती कार्डावर उतरवायची, कार्ड बोर्डात बसवायचे आणि सर्व जोडण्या झाल्यावरच वीज सुरू करायची. बोर्ड कडांनी धरावा. काम संपल्यावर यंत्र रीतसर बंद करावे. एकदम वीज काढल्यास कार्डावरील मजकूर खराब होऊ शकतो. तसे झालेच तर कार्ड पुसून प्रणाली नव्याने उतरवता येते. मात्र मुलांनी आपल्या कामाची प्रत दुसरीकडे ठेवलेली असावी. चौथ्या आवृत्तीच्या यंत्राचा अडॅप्टर १५ वॅटचा असतो. म्हणजे पडदा वगळता शंभर तासांना फार तर दीड युनिट वीज लागते.

या यंत्राच्या मर्यादाही आधीच सांगाव्यात. पत्रलेखन, कोष्टके, इंटरनेट आणि प्रोग्रॅम शिकणे यांसाठी ते योग्य आहे. दुकानातील विंडोजवर चालणारी हिशेबाची प्रणाली मात्र त्यावर थेट चालत नाही. तीच गरज असेल, तर कार्यालयातून निघालेला जुना संगणक घेऊन त्यात नवी एसएसडी बसवणे अधिक शहाणपणाचे.

हिशेबाची वही

प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्याचा जमाखर्च. समजा, एखाद्या पालकाने गोदामातील जुना पडदा दिला. तो वहीत शून्य किमतीला लिहायचा काय? तसे केले तर पुढच्या वर्षी दुसरा गट त्याच आकड्यावर विसंबेल आणि फसेल. म्हणून देणगी म्हणून आलेल्या वस्तूचीही बाजारातील जुन्या मालाची किंमत लिहावी आणि तेवढीच रक्कम देणगी म्हणून जमेस धरावी. खर्च खरा दिसतो आणि देणाऱ्याचे दानही नोंदले जाते.

समजा, सर्व मिळून १२,००० रुपये लागले आणि यंत्र पाच वर्षे टिकेल असे मानले, तर घसारा वर्षाला २,४०० रुपये होतो. चाळीस विद्यार्थ्यांनी ते वापरले, तर दरडोई वार्षिक खर्च ६० रुपये पडतो. तेच यंत्र प्रदर्शनानंतर कपाटात बंद राहिले, तर दरडोई खर्चाचा प्रश्नच उरत नाही. सगळी रक्कम बुडीत खात्यातच जाते. वस्तू परवडली की नाही, हे केवळ खरेदीच्या दिवशीच्या बिलावरून ठरत नाही, तर ती किती हातांनी किती दिवस वापरली यावरूनही ठरते, हा धडा मुलांना येथे प्रत्यक्ष आकड्यांत मिळतो.

शाळेच्या प्रदर्शनात संगणकाशेजारी ही वहीही उघडी ठेवावी. त्यात चुकीची निघालेली केबल, बदललेले कार्ड, वाया गेलेले रुपये यांच्याही नोंदी असाव्यात. पुढच्या गटाला सर्वाधिक उपयोग त्याच पानांचा होईल. आणि पेढीवरच्या संगणकाला हात लावू न देणाऱ्या पालकांनाही, जबाबदारी कोणावर सोपवता येईल, याचा अंदाज ती पाने पाहून करता येईल.