सर्कलमध्ये आधी कोण?

मागच्या सेमिस्टरला माझ्या रूममेटच्या हाताला प्लास्टर होतं आणि तिची सगळी जर्नल्स मी लिहून दिली. अख्ख्या होस्टेलला वाटलं, काय ही मैत्री! खरं कारण आज सांगून टाकते. (कॉन्व्हेंटमुळे माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे, तेवढं सांभाळून घ्या.)

आम्ही दोघी स्कूटीवरून गावातून परत येत होतो. कॉलेजच्या अलीकडच्या सर्कलला मी नेहमीसारखा हॉर्न वाजवला आणि सरळ आत घुसले. उजवीकडून सर्कलला वळसा घालत एक रिक्षा आली आणि आम्ही दोघी डावीकडे आडव्या! मला थोडं खरचटलं. रूममेटचं डावं मनगट मोडलं आणि ती नेमकी डावखुरी. गर्दी जमली. अर्धे म्हणाले रिक्षावाल्याची चूक, अर्धे म्हणाले पोरीची. मी तर चक्क भांडले. रिक्षावाले काका एवढंच म्हणाले, "ताई, मी आत होतो ना."

त्या वाक्याचा अर्थ मला कळला नव्हता. लायसन्सच्या वेळी मी आठचा आकडा पाय न टेकता काढला होता, पण सर्कलमध्ये आधी कोण जाणार हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कधी शोधलं नाही. माझ्या मते ज्याचा हॉर्न मोठा, तो आधी!

आता थोडं टेक्निकल. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भिडतात. तिथेच एका लेनचं सर्कल केलं, तर अशा जागा उरतात फक्त ८. शिवाय वळायचं म्हणून वेग कमी होतो आणि समोरासमोरची किंवा काटकोनातली धडक टळते. म्हणजे सर्कल ही कल्पना उत्तमच आहे. मग आपल्याकडे सर्कल आलं की कपाळाला आठ्या का पडतात?

उत्तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात आहे: डेडलॉक! समजा, आत शिरणाऱ्याला आधी जाऊ दिलं. आतल्या गाडीला बाहेर पडायचंय, पण तिच्यापुढे नुकतीच घुसलेली गाडी आहे. त्या गाडीपुढे पुढच्या रस्त्याने घुसलेली. असं करत साखळी फिरून पहिल्या गाडीपाशीच येते. प्रत्येकाने आपली जागा धरून ठेवलीय आणि प्रत्येकजण दुसऱ्याची जागा मागतोय. व्हायवाला आपण 'होल्ड अँड वेट' आणि 'सर्क्युलर वेट' घोकतो, ते हेच.

इंग्लंडमध्येही सर्कलं अशीच तुंबायची. तिथल्या फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या इंजिनिअरने आत शिरणाऱ्याने थांबायचं, या नियमाचा पाठपुरावा केला आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये तो तिथे लागू झाला. बाहेर थांबलेल्या गाडीने सर्कलमधली इंचभरही जागा अडवलेली नसते, त्यामुळे आतल्या गाड्या निघून जातात आणि जागा मोकळी होत राहते. याउलट पॅरिसमध्ये आर्क द त्रिऑम्फभोवतीच्या सर्कलला १२ रस्ते मिळतात आणि तिथे अजूनही आत शिरणाऱ्यालाच आधी जाऊ देतात. तिथला गोंधळ जगप्रसिद्ध आहे!

आपल्याकडे १९८९ च्या रस्तेनियमांत होतं, की मुख्य रस्ता ठरवलेला नसेल तर चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी. २०१७ मध्ये नवी नियमावली आली, पण तत्त्व तेच राहिलं. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, सर्कलला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. म्हणजे आतली गाडी आपल्या उजवीकडूनच येणार. काका बरोबर होते, चूक शंभर टक्के माझी.

तर मंडळी, लक्षात ठेवायचं एवढंच. सर्कलच्या आधी वेग कमी करा. उजवीकडे बघा, आत कुणी असेल तर थांबा. एकदा आत शिरलात की मध्येच थांबू नका. बाहेर पडताना डावा इंडिकेटर द्या, म्हणजे पुढच्या तोंडाशी थांबलेल्याला कळेल की तुम्ही निघालात. आणि शॉर्टकट म्हणून उलट्या बाजूने वळू नका, अगदी मेस बंद व्हायला पाचच मिनिटं असली तरी!

हे सगळं पाळूनही बाहेर पडायच्या तोंडाशीच कुणी गाडी उभी केली, तर सर्कल तुंबणारच. तो दोष सर्कलचा नाही.

रूममेटचं प्लास्टर आता निघालंय. अजूनही ती माझ्या मागे बसते, पण सर्कल आलं की हळूच माझ्या उजव्या खांद्यावर टकटक करते. मी उजवीकडे बघते आणि थांबते. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. ते काका पुन्हा भेटले तर सॉरी म्हणायचं मात्र राहिलंय.