खेळणाऱ्या मुली, चालवणारी माणसे

सुभाष रोडवर संध्याकाळी चहाला थांबलेल्या मंडळींत क्रिकेटचा विषय निघाला नाही, असा दिवस धारवाडात विरळाच. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्यानंतर तर बायका-मुलीही या चर्चेत हक्काने बोलू लागल्या. त्या दिवसांत एक वाक्य आमच्या कानावर पुन्हा पुन्हा येत होते. 'बोर्डाने आता यांना सगळे दिले. आता कसली तक्रार?'

नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेतून वेगळ्या बातम्या येत होत्या. तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींनी आपल्याच लीगच्या प्रमुखांवर उघड टीका केली होती. मंडळाच्या सभासदांपैकी बऱ्याच जणांची मुले-नातवंडे तिकडे असल्याने तोही विषय इथवर पोहोचला. प्रश्न मात्र तोच. इतका पैसा मिळतो, मग भांडतात कशाला? हे दोन्ही प्रश्न एकत्र ठेवून पाहावेत असे आम्हाला वाटले. तिकडची गोष्ट समजली की आपल्याकडच्या गोष्टीतले काय राहून गेले आहे, ते दिसते.

तिकडच्या लीगचे नाव डब्ल्यूएनबीए. १९९७ साली तिचे सामने सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, खेळाडूंची संघटना उभी राहिली. आपल्या कारखान्यांत किंवा बँकांत युनियन असते तशीच ही युनियन. पगार, प्रवास, बाळंतपणाची रजा, राहण्याची सोय, सगळे ती लीगशी बसून ठरवते. जे ठरते त्याचा सामूहिक करार होतो आणि तो दोन्ही बाजूंना बांधील असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये खेळाडूंनी मुदतीपूर्वीच चालू करारातून बाहेर पडण्याचा हक्क बजावला. कारण साधे होते. टीव्ही हक्कांचा नवा करार ११ वर्षांसाठी सुमारे २२० कोटी डॉलरचा झाला होता आणि २०२५ मध्ये मोठ्यात मोठ्या खेळाडूचा वर्षाचा पगार होता अडीच लाख डॉलरच्या किंचित आत. ज्या कॅटलिन क्लार्कमुळे प्रेक्षकांची झुंबड उडाली, तिचा पगार ऐंशी हजार डॉलरही नव्हता.

ही रक्कम रुपयांत मोजली की आपल्याला मोठीच वाटते, आणि चहाच्या टेबलावर गफलत होते ती इथेच. त्या मुलींचे गणित रकमेचे नाही, वाट्याचे आहे. पुरुषांच्या एनबीएमध्ये लीगच्या उत्पन्नातला जवळजवळ निम्मा भाग खेळाडूंकडे जातो. स्त्रियांच्या लीगमध्ये २०२५ मध्ये हा वाटा दहा टक्क्यांच्या आत असल्याचा अंदाज सर्रास दिला जात होता. 'पुरुषांइतके पैसे द्या' अशी त्यांची मागणीच नव्हती. आपल्या खेळातून जे उत्पन्न येते त्यातला पुरुषांना मिळतो तसा वाटा आपल्यालाही मिळावा, एवढेच म्हणणे होते. शेतात राबणाऱ्याला 'अर्धेलीने' आणि 'मजुरीने' यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. तोच हा फरक.

१९ जुलै २०२५ ला इंडियानापोलिसमध्ये निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना होता. सरावासाठी मैदानात उतरताना सगळ्यांनी एकसारखे काळे टी-शर्ट घातले होते. 'आमचे देणे आम्हाला द्या' अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. मग ३० सप्टेंबरला नफीसा कॉलिअर पत्रकारांसमोर बसली. मिनेसोटा लिंक्स संघाची ही खेळाडू तेव्हा संघटनेची उपाध्यक्षही होती. उपांत्य फेरीत तिला दुखापत झाली होती, त्या सामन्यातल्या पंचगिरीवर भडकलेल्या तिच्या प्रशिक्षक शेरिल रीव्ह यांना एका सामन्याची बंदी आणि दंड झाला होता, आणि संघ स्पर्धेबाहेर गेला होता. नफीसाने लिहून आणलेले निवेदन चार-एक मिनिटे वाचले. खेळाडू आणि प्रेक्षक जगात सर्वोत्तम आहेत, पण आजचे नेतृत्व जगात सर्वांत वाईट आहे, असे ती म्हणाली. लीगच्या आयुक्त कॅथी एंगलबर्ट यांच्याशी खासगीत झालेले बोलणेही तिने उघड केले. टीव्हीच्या करारासाठी खेळाडूंनी आपल्यापुढे गुडघे टेकून आभार मानले पाहिजेत, अशा अर्थाचे त्या बोलल्याचा तिचा आरोप होता. एंगलबर्ट यांनी काही दिवसांनी पत्रकारांना सांगितले की बाहेर फिरणाऱ्या गोष्टींत बरीच चूक माहिती आहे, आणि क्लार्कबद्दल त्यांच्या तोंडी घातलेले उद्गार आपण काढलेच नाहीत.

कोण खरे, हे आम्ही इथे बसून ठरवू शकत नाही. आमच्या नजरेत भरले ते वेगळेच. एवढे बोलूनही नफीसाला कोणी संघाबाहेर काढले नाही. उलट इतर खेळाडू आणि संघटना उघडपणे तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

आता आपल्याकडे येऊ.

भारतात स्त्रियांचे क्रिकेट पहिल्यांदा रीतसर भरले ते पुण्यात, एप्रिल १९७३ मध्ये. आंतरराज्य स्पर्धेत संघ होते तीनच: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षी स्थापन झालेली महिला क्रिकेट संघटना पुरुषांच्या बोर्डापासून पूर्ण वेगळी होती. पुढे कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाण यांनी काही काळ तिचे अध्यक्षपद सांभाळले. पैसा मात्र नव्हताच. १९८२ च्या न्यूझीलंडमधल्या विश्वचषकासाठी प्रत्येक मुलीने दहा हजार रुपये भरायचे होते. ते ज्यांना परवडले नाहीत अशा महाराष्ट्रातल्या मुलींचे पैसे मुख्यमंत्री अंतुले यांच्याकडे खेटे घालून मिळवावे लागले, ही आठवण सुनील गावस्करांच्या भगिनी नूतन गावस्कर यांनी सांगितलेली आहे. त्या स्वतः खेळल्या आणि नंतर संघटनेचे कामही पाहिले. २००५ मध्ये भारत विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा सामन्यामागे एक हजार रुपये मिळाले, असे मिताली राजने सांगितले आहे. आठ सामन्यांचे आठ हजार.

२००६ मध्ये ही संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली. तरी स्त्री खेळाडूंना वार्षिक करार मिळायला २०१५ उजाडावे लागले. बोर्डातल्या सगळ्यांना हे लग्न मान्य होते असेही नाही. माझ्या हातात असते तर स्त्रियांचे क्रिकेट होऊच दिले नसते, असे बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन आपल्याला म्हणाले होते, ही गोष्ट माजी कर्णधार डायना एडुलजी यांनी पुढे जाहीरपणे सांगितली.

याच एडुलजी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीत बसल्या. रामचंद्र गुहा आणि विक्रम लिमये काही महिन्यांतच बाहेर पडल्याने विनोद राय आणि एडुलजी हे दोघेच बोर्ड चालवत होते. आपल्याकडचा सर्वांत मोठा वाद घडला तो या काळात.

नोव्हेंबर २०१८. वेस्ट इंडिजमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक. मितालीने पाकिस्तानविरुद्ध ५६ आणि आयर्लंडविरुद्ध ५१ धावा केल्या होत्या, दोन्ही सामन्यांत तीच सामनावीर. तरीही इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिला बसवले. भारताचा डाव ११२ धावांत आटोपला आणि सामना आठ गडी राखून गेला. घरी आल्यावर मितालीने बोर्डाच्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना, राहुल जोहरी आणि सबा करीम यांना, पत्र लिहिले. प्रशिक्षक रमेश पोवार यांनी आपला अपमान केला आणि एडुलजी यांनी आपल्या पदाचा आपल्याविरुद्ध वापर केला, असा तिचा आरोप होता. पत्र लगेच वर्तमानपत्रांत पोहोचले. पोवार यांचा अहवालही तसाच बाहेर आला. त्यात म्हटले होते की फलंदाजीच्या क्रमावरून मितालीनेच निवृत्तीची धमकी दिली. तिने उत्तर दिले की हा आपल्या आयुष्यातला सर्वांत काळा दिवस आहे.

इथवर गोष्ट सरळ वाटते, पण ती सरळ नाही. लगेचच कर्णधार हरमनप्रीत कौर आणि आपल्या सांगलीची स्मृती मानधना या दोघींनी समितीला लिहिले की पोवारच प्रशिक्षक राहावेत. म्हणजे बोर्डाला प्रश्न विचारणाऱ्या खेळाडूंचेच दोन तट पडले. एडुलजी यांनी या दोघींची बाजू घेतली. पुरुषांच्या संघात अनिल कुंबळे यांच्याबद्दल कर्णधार कोहलीने कळवले तेव्हा प्रशिक्षक बदलला, मग मुलींनी लिहिले तर बिघडले काय, असा त्यांचा सवाल होता. विनोद राय यांना तो पटला नाही. कपिल देव, अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी यांच्या समितीने मुलाखती घेतल्या आणि डिसेंबरमध्ये डब्ल्यू. व्ही. रमण प्रशिक्षक झाले. गंमत अशी की २०२१ मध्ये पोवार परत आले आणि मिताली त्यांच्याच हाताखाली खेळली.

आमच्या मते या प्रकरणात कोण चूक हा प्रश्न दुय्यम आहे. मितालीने वीस वर्षे खेळून शेवटी पत्र लिहिले ते दोन पगारी अधिकाऱ्यांना. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्याच व्यक्ती बोर्डाच्या सर्वोच्च खुर्चीत होत्या. मध्ये ऐकून घेणारे, कागद जपून ठेवणारे, दोन्ही बाजू बोलावणारे कोणी नव्हते. म्हणून मग सगळे धुणे चव्हाट्यावर आले. स्मृती आणि हरमनप्रीत यांचे ईमेलही तसेच, वैयक्तिक. संघटना असती तर आधी त्यांचे आपसांत भांडण झाले असते, आणि मग एकच पत्र गेले असते. बाई वर बसली की बाईचे भले होते, हा समजही दोन्हीकडे टिकलेला दिसत नाही. एंगलबर्ट बाई, एडुलजीही बाई. एडुलजी यांनी तर रेल्वेत मुलींना नोकऱ्या मिळवून देण्यासाठी अनेक वर्षे खटपट केली, ते त्यांचे श्रेय कोणी नाकारणार नाही.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण इथे उपयोगी पडते. २०१७ च्या जूनअखेर तिथल्या बोर्डाचा खेळाडूंशी असलेला करार संपला आणि दोनशेहून अधिक खेळाडू, स्त्री-पुरुष दोन्ही, महिनाभर बिनपगारी राहिले. बोर्ड पुरुष खेळाडूंशी वेगळे बोलायला तयार होते, पण संघटनेने सगळ्यांसाठी एकच करार मागितला. ऑगस्टमध्ये तो झाला आणि मुलींचे मानधन एकदम वर गेले. आपल्याकडे कुस्तीपटूंनी २०२३ मध्ये जंतर-मंतरवर बसून काय सोसले ते सर्वांनी पाहिले आहे, त्याबद्दल इथे वेगळे लिहीत नाही.

'बोर्डाने सगळे दिले' या वाक्यात तथ्य नाही असे नाही. मार्च २०१८ मध्ये स्त्रियांच्या सर्वांत वरच्या श्रेणीचा करार ५० लाखांचा झाला. त्याच वेळी पुरुषांच्या वरच्या श्रेणीचा होता ७ कोटींचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सामन्याचे मानधन समान केले: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. हे मोठे पाऊल होते आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र समान झाले ते सामन्याचे मानधन, वार्षिक करार नव्हे. शिवाय मुलींच्या वाट्याला सामनेच कमी येतात, कसोटी तर वर्षाकाठी एखादी. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. पाच संघ ४,६६९ कोटींहून अधिक रकमेला विकले गेले आणि स्मृतीला बंगळूरूने ३ कोटी ४० लाखांना घेतले. त्यातला किती भाग खेळाडूंचा, हे ठरवताना समोर बसून बोलणारा खेळाडूंचा प्रतिनिधी नव्हता. जे मिळाले ते बोर्डाने जाहीर केले म्हणून मिळाले.

आपल्या घरात सुनेला दागिने केले म्हणून तिने हिशेब विचारू नये, असे पूर्वी म्हणत. त्या चालीची आठवण आम्हाला इथे होते. धारवाडात आता मुली सकाळी किटबॅग खांद्याला अडकवून नेटला जाताना दिसतात. त्यांच्या आईवडिलांनी प्रशिक्षक कोण आणि फी किती एवढेच न विचारता, तक्रार आली तर ती कोणाकडे न्यायची, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. जिल्हा पातळीवर याचे उत्तर बऱ्याचदा 'सरांना सांगा' असे असते. तक्रार सरांविषयीच असली तर काय, हा पुढचा प्रश्नही विचारायला हरकत नाही.

भारतात क्रिकेटपटूंची संघटना अजिबात नाही असे मात्र नाही. लोढा समितीच्या शिफारशींनंतर जुलै २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन स्थापन झाली आणि बोर्डाच्या सर्वोच्च परिषदेत तिला दोन जागा मिळाल्या, एक पुरुषाची आणि एक स्त्रीची. स्त्रीच्या जागेवर पहिल्यांदा निवडून गेल्या त्या आपल्या कर्नाटकच्या शांता रंगास्वामी. पण ही संघटना फक्त निवृत्त खेळाडूंची आहे. विश्वचषक जिंकून आलेल्या संघातल्या कोणालाही तिचे सभासद व्हायचे असेल, तर आधी खेळणे सोडावे लागेल.