मनी प्लांटमध्ये सशाचं जनुक

भडगाव तालुक्यात कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात. त्यांच्या मोळ्या घरामागे रचून ठेवतात. भरताची वांगी भाजावीत तर त्याच जाळावर. साल काळी पडून तडकते, रस जाळावर चुरचुरतो आणि भाजणाऱ्या बाईचे डोळे धुरानं लाल होतात. त्या धुरात बेंझिनही असतं. रक्ताचा कर्करोग घडवणारा हा वायू ओसरीत लावलेल्या मोटारसायकलच्या पेट्रोलमधूनही घरात शिरतो. क्लोरिन टाकलेलं पाणी तापवलं की त्यातून थोडं क्लोरोफॉर्म निघतं, ते वेगळंच.

घरातली अशी हवा कुंडीतली झाडं शुद्ध करतात, हा समज ‘नासा’च्या 1989च्या प्रयोगातून जगभर पसरला. तो प्रयोग बंद पेटीत झाला होता. खिडकीतून जेवढी हवा खेळते तेवढं काम कुंड्यांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार झाडं लागतील, असा हिशोब 2019मध्ये मांडला गेला.

मग झाडालाच जास्त ताकद दिली तर? आपल्या यकृतात ‘सीवायपी2ई1’ नावाचं विकर असतं. दारूसकट अनेक रसायनं ते फोडतं. पण शरीरात शिरलेल्या विषावरच त्याचं काम चालतं, खोलीतल्या हवेवर नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्टुअर्ट स्ट्रँड आणि लाँग झांग यांच्या गटानं या विकराचं सशातलं जनुक मनी प्लांटमध्ये घातलं. डिसेंबर 2018मध्ये निष्कर्ष छापून आले. बंद नळीतलं क्लोरोफॉर्म तीन दिवसांत 82 टक्के घटलं, बेंझिन आठ दिवसांत सुमारे 75 टक्के. शेजारच्या नळीतल्या साध्या मनी प्लांटनं दोन्ही वायू जवळजवळ जसेच्या तसे ठेवले. जनुक घातलेल्या झाडात बेंझिनचं फिनॉल होतं आणि ते झाडाला पेशीभित्ती बांधायला वापरता येतं. विषातून झाडानं स्वतःचं अंग घडवावं, हे मला फार विलक्षण वाटतं.

खानदेशातल्या शेतकऱ्याला जनुक बदलणं नवं नाही. मातीतल्या जिवाणूचं जनुक घेतलेली बीटी कपाशी 2002पासून त्याच्या शेतात आहे. गुलाबी बोंडअळी तिला कशी पचवू लागली, हेही त्यानं सोसलंय. म्हणून परागकण उडून जनुक पसरेल का, हा प्रश्न तो आधी विचारेल आणि त्यानं विचारलाच पाहिजे. मनी प्लांट निवडण्यामागे हेही एक कारण होतं. त्याला फूल जवळजवळ येतच नाही. आपोआप फुलल्याची शेवटची नोंद 1964ची आहे. फांदी तोडून लावायची, एवढीच त्याची वाढ.

पण ही वेल धुराचे बारीक कण पकडत नाही. चुलीपुढच्या बाईला आधी परवडणारा सिलिंडर हवा आणि छताचा झरोका उघडा हवा. शिवाय नळीतला वायू घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त होता, आणि खोलीतली हवा आपसूक पानांपाशी येत नाही, ती पंख्यानं ढकलावी लागते. तेव्हा अशी वेल कधी आपल्याकडे आलीच, तर तिची जागा चुलीपाशी नसेल. रात्री मोटारसायकल आत घेऊन दार लावतात त्या खोलीत, पाठीमागे छोटा पंखा लावून, ती ठेवावी लागेल.